गावभर आत्या

आमचे साहेब भाड्याची खोली उभ्यानं बघत नसत. मालक कुलूप काढायचा, दिवा लावायचा, "हवा खेळती आहे, पाणी दोन वेळ येतं" असं त्याचं सुरू व्हायचं, तोवर हा माणूस चपला दारात काढून सरळ फरशीवर आडवा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पाठ जमिनीला आणि डोळे मिटलेले. मालक घाबरायचे. एकानं तर चक्कर आली समजून तोंडावर तांब्यातलं पाणी शिंपडलं होतं. साहेब सावकाश उठले, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "पाणी गोड आहे. खोली घेतली."

"बाई, घर आडवं होऊन बघायचं असतं," ते मला सांगायचे. "ज्याला आडवं व्हायलाच जागा नव्हती, त्याच्यासाठी बघतोय ना आपण?"

मी भोरच्या बेघर निवाऱ्यात स्वयंपाक करते. ते तिथले व्यवस्थापक होते. निवारा म्हणजे भाताचं जुनं गोदाम. एका अंगाला बायका, एका अंगाला पुरुष, मधे माझी चूल. चूल म्हणजे गॅसच, पण आम्ही चूलच म्हणतो. कुणी सारोळ्याच्या पुलाखालून आणलेला, कुणी स्टँडवरून उचललेलं, कुणाला पोटच्या लेकानंच दवाखान्याच्या बाकावर बसवून "आलोच हां" म्हणून सोडून दिलेलं. अशांना जेवू घालायचं, अंथरूण द्यायचं आणि कुठंतरी कायमचं घर बघून द्यायचं, हे निवाऱ्याचं काम. बऱ्याच ठिकाणी पहिली दोन कामं होतात आणि तिसरं राहून जातं. आमच्या साहेबांना तिसऱ्याचंच वेड होतं. आमटीत मीठ आहे की नाही हे त्यांना कधी कळलं नाही. एकदा मी मुद्दाम अळणी आमटी वाढली, तर दोनदा मागून घेतली.

मी उत्रोलीची, बौद्ध. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढं लागणार आहे. साहेब भोरातलेच. वडील कोर्टात कारकून होते, आणि आडनाव असं, की ऐकल्यावर लोक बसायला खुर्ची पुढं करतात. तेही पुढं लागणार आहे.

निवाऱ्यात खिळा ठोकायला बंदी होती. एका बाईनं आरशासाठी एक ठोकला, तर साहेबांनी पक्कड आणून तिच्यादेखत उपटला. "इथं खिळा ठोकलात म्हणजे इथं राहायचं ठरवलंत!" असे ओरडले की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. "हा एसटी स्टँड आहे, घर नाही. आपली गाडी लागली की उठायचं. स्टँडच्या भिंतीला कुणी आरसा लावतं का?" बाई बिचारी रडायला लागली. मी म्हटलं, "साहेब, आरशाचंच काय ते, जीव घेता का तिचा?" तर मलाच म्हणाले, "तुम्ही पोळ्या बघा."

पण त्याच बाईला खोली मिळाली तेव्हा पिशवीत हातोडी घालून स्वतः तिच्याबरोबर गेले. दारासमोरच्या भिंतीत, आत आलेल्या माणसाला पहिला दिसेल असा, एक खिळा ठोकला. "आता यावर काय लावायचं ते तुमचं तुम्ही बघा. आरसा लावा, पिशवी लावा, नवऱ्याचा फोटो लावा नाहीतर उतरवून फोडा. भिंत तुमची आहे." प्रत्येकाच्या खोलीत हा एक खिळा ते ठोकायचेच. मालक कुरकुरायचे, गिलावा पडतो म्हणायचे. साहेबांच्या पँटच्या खिशात कायम खिळे खुळखुळत असायचे आणि खिसे कायम फाटलेले असायचे.

दुसरा कायदा त्याहून वाईट. आपल्यात घरातून निघताना "जातो" म्हणत नाहीत. "येतो" म्हणतात. माझ्या सासूसमोर कुणी "जाते" म्हटलं तर ती म्हातारी अंगावर धावून जायची. आणि हे साहेब, निवारा सोडणाऱ्या माणसाची पिशवी हातात धरून दारात उभे राहायचे. "येतो नाही. जातो म्हणा. इथनं येतो म्हणून गेलेला माणूस परत येतो." लोकांची जीभ वळायची नाही. म्हातारे हात जोडायचे, "सायेब, तेवढं नगा वदवू तोंडातनं." साहेब पिशवी सोडायचे नाहीत. शेवटी कुणीतरी डोळे मिटून, कडू औषध गिळल्यासारखं "जातो" म्हणायचा. मग साहेब एक टाळी वाजवायचे आणि पिशवी हातात द्यायचे.

आता जे नवीन व्यवस्थापक आहेत, ते भले आहेत. भिंतीभर तक्ते लावलेत, खिळ्यांची रांगच आहे. लोक "येतो" म्हणून जातात आणि येतातही.

खोल्या शोधायची साहेबांची पद्धत म्हणजे मान वर करून गल्ल्यांतनं फिरायचं आणि कपड्यांच्या दोऱ्या बघायच्या. जिच्यापुढची दोरी आठवडाभर मोकळी, ती खोली रिकामी. यातनं एकदा मार खाता खाता वाचले. एका नवऱ्यानं गचांडीच धरली, "रोज येऊन आमच्या बाईची धुणी बघतोस होय रे?" साहेब तसेच लोंबकळत म्हणाले, "तुमची नाही हो, शेजारची. शेजारी काही वाळत नाही, ती खोली भाड्यानं द्यायची आहे का?" आणि मिळवली बघा ती खोली.

पण खोली सापडणं सोपं, मिळणं अवघड. मालक पहिला प्रश्न काय विचारतो माहीत आहे? भाडं देईल का, हा नाही. "कोण लागतात तुमचे?" हा. आणि दुसरा, "आडनाव काय?" निवाऱ्यातलं माणूस म्हटलं की दार बंद. चोर असेल, दारुडा असेल, रोग असेल. म्हणून साहेबांनी एक युक्ती काढली होती. बाई असेल तर "माझी आत्या." पुरुष असेल तर "माझे मामा." मामा आईकडचा, त्याचं आडनाव वेगळं असलं तरी चालतं. आत्याचं सासरचं नाव कुणी विचारलं, की साहेब आवाज खाली आणायचे. "सासरचा विषय काढू नका तिच्यासमोर. फार भोगलंय." घरमालकिणींच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं आणि किल्ली बाहेर यायची.

बघता बघता भोरात साहेबांना गल्लोगल्ली आत्या झाल्या. बाजारात लोक त्यांना भाचेराव म्हणायला लागले. भाजीवाली विचारायची, "काय भाचेराव, आज कंची आत्या?" साहेब म्हणायचे, "तुमच्याच शेजारी येतीय, मेथी ताजी ठेवा." सारोळ्याच्या पुलाखालनं आणलेले एक मामा होते, जन्म ट्रकवर क्लीनर म्हणून गेलेला. त्यांना छपराखाली झोपच यायची नाही, रोज पथारी बाहेर ओट्यावर. मालक तक्रार घेऊन आला. साहेब म्हणाले, "मामांनी जन्मभर मालाची राखण केलीय. तुमच्या घराला फुकटचा राखणदार मिळाला, आणि वर तक्रार?" मालक खूश होऊन गेला, दुसऱ्या दिवशी मामांना घोंगडी आणून दिली.

मी एकदा विचारलं, "साहेब, हे खोटं किती दिवस पुरणार?"

"खोटं काय त्यात? लोकांना माणसाला खोली द्यायची नसते बाई, नात्याला द्यायची असते. मग द्या की नातं. आपल्या बापाचं काय जातंय?"

त्यांची एक खरी आत्या होती. एकदाच बोलले तिच्याविषयी, भाजी निवडता निवडता. लहानपणी विधवा झालेली. कधी या भावाकडे, कधी त्या भावाकडे, ट्रंक घेऊन फिरायची. तिच्याकडे एक कृष्णाची तसबीर होती, पण ती लावायला हक्काची भिंत कुठल्याच घरात मिळाली नाही. गेली तेव्हा तसबीर ट्रंकेतच होती, लुगड्यांच्या खाली. एवढं सांगितलं आणि मग माझ्यावरच खेकसले, "मेथीत माती किती ठेवता?"

म्हणून सांगते, माणूस वाईट नव्हता. माझ्या हातचं बोटं चाटून जेवायचा, माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभा राहिला होता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

मग हौसाबाई आली.

हौसाबाई वेल्ह्याकडची, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतली. आमच्यातलीच. जन्म दुसऱ्याच्या खाचरात भाताची लावणी करण्यात गेला. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. एका पावसाळ्यात घर बसलं. उभं करायला गेली, तर समजलं की घराखालची जागा कुणीतरी कधीच विकलेली आहे. महिन्याभरात तिथं पुण्याच्या माणसाचं तारेचं कुंपण आलं. म्हातारी वेल्ह्याच्या स्टँडवर येऊन राहिली. कंडक्टर लोक चहा द्यायचे. त्यांच्यातल्याच एकानं साहेबांना फोन केला, तर साहेब नसरापूरला गाडी बदलून स्वतः गेले आणि तिला घेऊन आले.

तिच्याजवळ खताची एक रिकामी गोणी होती, आणि गोणीत लुगड्यात गुंडाळलेला एक फोटो. एकाच चौकटीत दोघं. डोळे मिटलेले बुद्ध, आणि शेजारी निळ्या कोटातले, घटना लिहिणारे आमचे मोठे साहेब, चष्मेवाले. घर बसलं तेव्हा तिनं भांडी काढली नाहीत, हा फोटो काढला.

आल्या आल्या तिनं भिंतीकडं बघितलं. "हितं कुठं लावू?"

"इथं नाही," साहेब म्हणाले. "तुझ्या घरात लावायचा. मी खिळा ठोकून देईन."

"माज्या घरात?" म्हातारी हसली. "कवा?"

"बघतोच."

तिला एवढंच पाहिजे होतं बघा. एक भिंत. भांडं नाही, लुगडं नाही, पैसा नाही. मरायच्या आधी तो फोटो एकदा स्वतःच्या भिंतीवर दिसला पाहिजे. येईल त्याला ती हेच सांगायची.

साहेबांनी वरच्या आळीत खोली बघितली. नळ दारात, दवाखाना जवळ, मालक सरकारी नोकरीतनं रिटायर झालेले. मी म्हटलं, "साहेब, वरच्या आळीत? आमच्या माणसाला?"

"माझ्या आत्याला," ते म्हणाले.

मग शिकवणी सुरू झाली. माझ्या चुलीपुढं दोघं बसायची आणि मी लाटणं टाकून हसायचे. साहेब म्हणायचे, "आत्या भाच्याला अहो म्हणत नाही. मला अरे म्हण. म्हण, काय रे, जेवलास का?"

"काय वो सायेब, जेवलासा का?"

"साहेब नाही गं! अरे!"

"आरं... सायेब."

"आणि 'आमी' नाही, 'आम्ही'."

"आमी म्हन्लं तरी आमीच आसतो की," हौसाबाई म्हणायची.

तिची जीभच रेटायची नाही. जन्मभर असल्या शर्टवाल्याला अहो म्हटलेली बाई. शेवटी एक दिवस साहेब उन्हातनं आले, तोंड लालेलाल झालेलं. म्हातारी पटकन उठली, पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "आरं, उन्हाचा कशाला हिंडतूस? कुनी सांगितलंय तुला?" बोलून गेली आणि स्वतःच दचकली. साहेबांनी पाणी घेतलं, पण त्यांना ते लगेच पिता येईना. त्या दिवसापासनं ती त्यांना अरेच म्हणायला लागली, अगदी कान धरण्याइतकं. शिकवणीचा भाग संपला होता.

खोलीवर जायच्या दिवशी मीही बरोबर होते. निवाऱ्याच्या दारात तिनं न अडखळता "जाते रं" म्हटलं. साहेबांनी टाळी वाजवली. मालकीणबाईंनी चहा केला, "या आत्या, आपलंच घर समजा" म्हणाल्या. साहेब फरशीवर आडवे झाले, उठले. पिशवीतनं हातोडी काढली, खिसा खुळखुळवून खिळा काढला आणि समोरच्या भिंतीपुढं उभे राहिले. हौसाबाईनं लुगडं सोडून फोटो बाहेर काढला. साहेबांनी फोटोकडं बघितलं. मग खिडकीकडं. खिडकीतनं मालकिणीचं अंगण दिसत होतं, म्हणजे अंगणातनं ही भिंतही दिसत होती.

साहेबांनी भिंतीतलं फडताळ उघडलं आणि खिळा त्याच्या आत ठोकला.

हौसाबाई बघत राहिली. "समद्यांना भितीत ठोकतूस, आन मला फडताळात व्हय रं?"

"थोडे दिवस, आत्या. त्यांना तुझी सवय होऊ दे. मग भिंतीवर लावू."

मग म्हणाली, "बरं. तू म्हन्तूस तर." आणि फोटो आत लावून फडताळाचं दार हळूच लोटलं.

मालकीणबाईंची आणि तिची चांगलीच गट्टी जमली. ती त्यांचे तांदूळ निवडून द्यायची, अंगण झाडायची. त्या आपल्या घरातलं गोडधोड तिला आणून द्यायच्या. "आमच्या आत्यांसारख्या आत्या दिवा घेऊन शोधल्या तरी मिळायच्या नाहीत," असं आळीभर सांगायच्या. मी अधूनमधून वाकडी वाट करून डोकवायचे. हौसाबाई दार लावायची, मग फडताळ उघडायची, हात जोडायची आणि फडताळ बंद करून दार उघडायची.

"चोरी केल्यावानी वाटतंय गं," मला म्हणाली. "त्यांना न्हाई कोंडलं हितं, मलाच कोंडलंय."

साहेब आले की तिचं एकच. "भितीवर कवा रं?"

"दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाली. "संक्रांत जाऊ दे." संक्रांत गेली. मग म्हातारीनं विचारायचं सोडून दिलं.

वैशाखी पौर्णिमेला मी खिरीचा डबा घेऊन गेले, तर दार सताड उघडं. हौसाबाईनं वरवंट्यानं खिळा समोरच्या भिंतीत ठोकला होता. तोच, फडताळातला. त्यावर फोटो, खाली मेणबत्ती, आणि स्वतः पांढरं लुगडं नेसून बसलेली. तोंडावर काय तेज होतं म्हणून सांगू. पोरीगत दिसत होती. म्हणाली, "बग की, सरळ लागलाय का?"

मी बघतच होते, तेवढ्यात मालकीणबाई आल्या. हातात आमरसाची वाटी. "आत्या, गरम पोळीबरोबर..." एवढं बोलल्या आणि उंबऱ्यात थांबल्या. फोटोकडं बघितलं. मेणबत्तीकडं, माझ्याकडं, माझ्या खिरीच्या डब्याकडं. "अगं बाई," म्हणाल्या. बास, एवढंच. आणि वाटी घेऊन परत गेल्या. आमरसाची वाटी, उंबऱ्यापर्यंत आलेली, तशीच परत. हौसाबाईनं दोन्ही हात पुढं केले होते, ते तिनं लुगड्याला पुसले.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघं निवाऱ्यात हजर. हौसाबाईही मागनं आली आणि माझ्या चुलीपाशी बसून तांदळाचं सूप पुढं ओढलं. मालक म्हणाले, खोली लागणार आहे. मुलगी बाळंतपणाला यायची आहे.

मी म्हटलं, "लग्न झालं व्हय ताईंचं? आम्हाला पेढे न्हाईत मिळाले." कारण त्या मुलीचं अजून ठरतसुद्धा नव्हतं. मालकांनी मान खाली घातली. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही पोळ्या बघा."

मालकीणबाई पुढं झाल्या. "आमचं तसं काही नाही हो. आम्ही काही मानत नाही. पण सांगायला हवं होतं ना? आम्ही आत्या आत्या करत होतो. स्वयंपाकघरात येत होत्या त्या. एवढंच खरं सांगा आता. ती तुमची आत्या आहे, की नाही?"

पुरुषांच्या बाजूचे पत्ते थांबले. साहेबांना उत्तर काय अवघड होतं? गावभर, दारोदार, हसत हसत दिलेलं उत्तर. हो म्हणायचं, बास. साहेबांचा हात खिशात गेला. खिळे खुळखुळले.

"नाही," ते म्हणाले.

हौसाबाईचा हात तांदळात थांबला. मग ती परत निवडायला लागली. खडा सापडला की उचलून बाजूला ठेवायची.

"आम्हाला वाटलंच," मालकीणबाई म्हणाल्या, आणि दोघं सुटल्यासारखी निघून गेली.

मग माझा तोल गेला. "साहेब, गावभर खोटं बोललात, आणि खरं बोलायला आजचाच मुहूर्त सापडला? जीभ कशी रेटली तुमची?"

"बाई, हो म्हटलं असतं तर आळीत बोभाटा झाला असता. एकेक आत्या लोकांनी तपासली असती, एकेक मामा. सगळ्यांना खोल्या सोडाव्या लागल्या असत्या. किती जणांची घरं माझ्या एका शब्दावर उभी आहेत, तुम्हाला माहीत आहे."

"म्हणून हिचं पाडलंत. आणि हिचंच बरं सापडलं पाडायला."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर राग जास्त आला, अजून येतो. आडनाव उसनं दिलं होतं, वेळ आली तेव्हा उसनं परत मागितलं. आणि मागितलं कुणाकडनं, तर जिच्याकडं तेवढंच होतं तिच्याकडनं.

हौसाबाईच मला म्हणाली, "नगं भांडू गं. सायेब खरं तेच बोललं."

सायेब. मी चमकून बघितलं. साहेबांनीही बघितलं.

पुढचे दिवस हा माणूस पिसाळल्यासारखा हिंडला. परत मान वर, परत दोऱ्या. या वेळी दारात उभं राहून हौसाबाईचं खरं नाव, खरं आडनाव सांगायचा. आत्या नाही, कुणी नाही, म्हातारी आहे, भली आहे. आणि गंमत बघा, भोरातल्या सगळ्या खोल्या एकदम भरल्या. दोरी मोकळी, खोली भरलेली. कुणाचा भाऊ येणार होता, कुणाला धान्य ठेवायचं होतं, कुणाच्या खोलीला अचानक गळती लागली होती. ऐन उन्हाळ्यात! वाईट कुणी बोललं नाही हां. सगळीकडं चहा मिळाला साहेबांना.

शेवटी मीच बोलले. आमच्या उत्रोलीत, आमच्या वस्तीत, माझ्या चुलतजावेची खोली रिकामी होती, पोरगा पुण्याला गेल्यापासनं. जाऊबाईनं एका शब्दात हो म्हटलं. कोण लागते, विचारलं नाही. हौसाबाईला घर मिळालं, निवाऱ्याचं काम झालं, सगळे म्हणाले बरं झालं. मीही म्हणाले. पण झालं काय? आमच्या माणसाला घर आमच्याच वस्तीत. वरच्या आळीला जे पाहिजे होतं, तेच आम्ही आमच्या हातानं करून दिलं, वर हुश्श पण केलं.

निवाऱ्यातनं निघताना साहेब दारात उभे होते, पण पिशवी त्यांनी धरली नव्हती. हौसाबाईनं गोणी काखेत मारली आणि आपणहून, स्वच्छ आवाजात "जाते" म्हणाली. साहेबांचे हात हलले नाहीत.

काही दिवसांनी साहेब उत्रोलीला आले. भर दुपारची वेळ, हातात तीच पिशवी. खोलीत येऊन बघतात तर फोटो समोरच्या भिंतीवर, मधोमध. हौसाबाईनं आदल्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याकडनं खिळा ठोकून घेतला होता. साहेबांनी पिशवी कोपऱ्यात ठेवली.

"आडवा होऊन बघू का गं?" त्यांनी विचारलं.

"बगा की," हौसाबाई म्हणाली.

साहेब शेणानं सारवलेल्या जमिनीवर आडवे झाले, डोळे मिटले. बराच वेळ उठेनात. दारात आमच्या वस्तीतल्या दोन-चार बाया जमल्या. हे कसलं माणूस, म्हणून एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. त्यांतली एक म्हणाली, "हौसाक्का, पावनं कोन? कोन लागत्यात तुमचं?"

साहेबांनी डोळे उघडले, पण उठले नाहीत. तसेच पडल्या पडल्या म्हातारीकडं बघत राहिले. माझ्या मनात आलं, म्हण गं बाई. भाचा म्हण. एक शब्द आहे, तुझ्या बापाचं काय जातंय?

"निवाऱ्याचं सायेब हायेत," हौसाबाई म्हणाली. "लई मोटं मानूस. लई जनांना घरं दिली त्यांनी."

साहेब उठून बसले. शर्टाच्या पाठीला सारवण लागलं होतं, ते कुणी झटकलं नाही. हौसाबाईनं चहा केला, चांगला आलं घालून केला, बशी पदरानं पुसून पुढं ठेवली. साहेब सगळा प्याले. खिशात हात घालून एक खिळा काढला, भिंतीकडं बघितलं, आणि परत खिशात टाकला.

मग पिशवी उचलून दारात आले. चपलेत पाय घालता घालता, न बघता म्हणाले, "येतो, आत्या."

हौसाबाई उंबऱ्याच्या आत उभी होती. राग नव्हता तिच्या आवाजात, देवाशप्पथ नव्हता.

"जातो म्हना, सायेब," ती म्हणाली. "हितनं येतो म्हन्लेलं मानूस परत येतं."

साहेब एक पाय चपलेत, एक बाहेर, असे उभे राहिले. बाया फिदीफिदी हसल्या, त्यांना काय कळणार.

"जातो," साहेब म्हणाले.

माणूस शब्दाचा पक्का. परत काही आले नाहीत.